परमुलखात तिला कोण आहे?

गेल्या महिन्यात गटाची बैठक संपल्यावर एका ताईंनी मला थांबवून विचारलं, "माझी लेक नर्स आहे. एका संस्थेमार्फत दोन वर्षं टांझानियाला जायचं म्हणते. काम ती करील, त्याची मला काळजी नाही. पण तिथे तिला कोण आहे?"

मला हा प्रश्न फार आवडला. विमान, घर, पैसे यांची चौकशी सगळेच करतात. तिला मनातलं बोलायला कोण असेल, हे फारसं कुणी विचारत नाही. मी दोन वर्षं तिकडे होते. काम जमलं नाही म्हणून मुदतीआधी परतलेल्यांपेक्षा एकटेपणा सोसला नाही म्हणून परतलेल्या मी जास्त पाहिल्या. म्हणून आज याच विषयावर बोलू या.

आधी एक खुलासा. आफ्रिका म्हणजे एक देश नाही, तिथे ५४ देश आहेत. टांझानिया त्यातला पूर्व किनाऱ्यावरचा, आपल्याकडून समुद्रापलीकडचा. आणि अशा कामात स्वयंसेवक म्हणजे अगदी फुकट राबणारा नव्हे; राहण्या-जेवणापुरता भत्ता बहुतेक ठिकाणी मिळतो. अमेरिकेची 'पीस कोअर' १९६१ साली सुरू झाली आणि त्याच वर्षी तिचे लोक टांझानियात, म्हणजे तेव्हाच्या टांगानिकात, पोचले होते. ब्रिटनची 'व्हीएसओ' १९५८ची. तिने पुढे भारत, फिलिपिन्स, केनिया, युगांडा अशा देशांतूनही माणसं घेतली. त्यामुळे या ताईंच्या लेकीला भेटणारी परदेशी मंडळी सगळी गोरीच असतील असं समजू नका. एखादी फिलिपिन्सची नर्स असेल, एखादा युगांडाचा हिशेबनीस असेल, एखादी तेवीस वर्षांची अमेरिकन मास्तरीण असेल. देश वेगळा, धर्म वेगळा, वय वेगळं. सारखं एवढंच की टांझानिया सगळ्यांनाच परमुलूख.

आणि तेवढं पुरतं. लग्न होऊन नव्या गावात आलेल्या सुनांची एकमेकींशी कशी पटकन गट्टी जमते, ते आठवा. माहेरच्या गावी त्यांची जातपात, आळी, शाळा काहीच जुळलं नसतं. पण इथे विहिरीवर दोघीही परक्या. ऊसतोडीला गेलेल्या बायांना विचारा, कोपीशेजारची कोपी कुणाची हे किती मोलाचं असतं. तिथेही हेच होतं. दिवसभर परक्या भाषेत बोलून, चुकलेला शब्द हसण्यावारी नेऊन माणूस थकतो. संध्याकाळी जिच्यापुढे काही समजावून सांगावं लागत नाही अशी एक बाई भेटली की जीव निवांत होतो.

घड्याळाचंच पाहा. स्वाहिली भाषेत तास पहाटेपासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा 'सा मोजा', पहिला तास. आठ वाजले की दोन. नव्या माणसाला कुणी "दोनला बैठक" असं सांगितलं की तो दुपारी हजर होतो, तोवर बैठक संपून भांडीसुद्धा घासून झालेली असतात. ही फजिती प्रत्येक परदेशी माणसाची एकदा तरी होते, आणि ती एकमेकांना सांगून हसण्यातच निम्मी मैत्री होऊन जाते.

ओळखी होतात त्या सुरुवातीच्या प्रशिक्षणात. पीस कोअरमध्ये हे प्रशिक्षण तीनेक महिने चालतं आणि त्या काळात स्थानिक कुटुंबात राहावं लागतं. मग सगळे पांगतात, एक या डोंगराला तर दुसरा त्या. पुढची भेट बाजाराच्या गावी. मोरोगोरो, इरिंगा, म्बेया अशा शहरांत महिन्यातून एक-दोनदा सगळे जमतात. साबण, रॉकेल, बॅटऱ्या घ्यायच्या, कुणाच्या तरी खोलीवर स्वयंपाक करायचा. तिथलं रोजचं जेवण म्हणजे उगाली, मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा. हाताने तोडून पालेभाजीत बुडवून खायचा. आपली मुलगी चपात्या लाटील, आणि गंमत म्हणजे तिथेही त्यांना चपातीच म्हणतात. चहाला चाय, पैशाला पेसा, मोटारीला गारी, विम्याला बिमा. जुन्या व्यापारातून समुद्र ओलांडून गेलेले हे शब्द.

पण या मैत्रीची खरी किंमत कळते आजारपणात. मलेरियाचा ताप रात्री चढतो, दवाखाना दूर, मार्च ते मे मोठ्या पावसात रस्ते बंद. आमच्यात एक रीत होती: रविवारी संध्याकाळी प्रत्येकीने "ठीक आहे" एवढा निरोप पाठवायचा. निरोप आला नाही तर सर्वांत जवळ राहणारी दुसऱ्या दिवशी निघायची. ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासायचं, अंगावर काढायचं नाही, हा दुसरा नेम. एकट्या माणसाला अंगावर काढायची सवय फार लवकर लागते.

आता दुसरी बाजू. ही मैत्री इतकी सोयीची असते की माणूस तिच्यातच राहू लागतो. दर शनिवारी शहर गाठायचं, परदेशी लोकांतच बसायचं, आणि मग गप्पा हळूहळू कुरकुरीवर येतात: इथले लोक असेच, इथे काही वेळेवर होतच नाही. दोन वर्षं राहून शेजारणीचं नाव माहीत नसलेली माणसं मी पाहिली आहेत. स्वाहिलीत म्हण आहे, पाहुणा दोन दिवस, तिसऱ्या दिवशी त्याच्या हाती कुदळ द्या. ज्याच्या हाती कुदळ आली तो घरचा झाला. शहराकडे पळणाऱ्याच्या हाती ती कधी येतच नाही.

माझं मत विचाराल तर महिन्यातला एक रविवार परदेशी मैत्रिणींना, बाकीचे गावाला. गावात शिरायची वाट आपल्या बायांना तर अनोळखीही नाही. थोरांना तिथे 'शिकामो' म्हणतात. मूळ अर्थ, तुमचे पाय धरते. ते 'मराहाबा' म्हणून ते मानून घेतात. एवढं जिला म्हणता आलं तिला म्हाताऱ्या अंगणात बसवून घेतात. आपल्या भिशीसारखी त्यांची 'उपातू' असते आणि बचत गटासारखे 'विकोबा' नावाचे गट. आपल्या गटात हिशेबवही लिहिलेली मुलगी तिथे पहिल्या बैठकीपासून कामाची.

एक गोष्ट उघडपणे बोललं पाहिजे, पैशाची. भत्ता सारखा असला तरी घरून येणारा पैसा सारखा नसतो. अमेरिकेची मुलगी सहज म्हणते, चल हॉटेलात जेवू. त्या एका जेवणात फिलिपिन्सच्या बाईचा आठवड्याचा बाजार झाला असता, पण ती लाजेने बोलत नाही आणि पुढच्या वेळी येतच नाही. मैत्री अशी तुटते, भांडण न होता. खोलीवर शिजवून खाल्लं की हा प्रश्न निम्मा सुटतो. आणि परदेशी म्हणजे आपला, असं धरून चालू नये. उसने पैसे, रात्रीचा प्रवास, दारूच्या बैठकी, यांत घरी जी सावधगिरी तीच तिथे.

शेवटी निरोप. प्रत्येकीची मुदत वेगळ्या महिन्यात संपते. जीव लागलेली मैत्रीण आठव्या महिन्यात निघून जाते आणि मागे तिची बादली, मच्छरदाणी, कढई ठेवून जाते. माझ्या हाती आलेली कढई माझ्याआधी तिघींची होती. मी ती नंतर एका युगांडाच्या मुलीला दिली.

तर ताई, लेक निघण्याआधी संस्थेला एवढं नक्की विचारा: हिच्या जवळचा दुसरा स्वयंसेवक किती अंतरावर आहे, पावसात तिथवर गाडी जाते का, आणि ही आजारी पडली तर कोण येणार. फोनची वेळही ठरवून ठेवा. आपल्याकडे रात्रीचे साडेआठ वाजतात तेव्हा तिकडे संध्याकाळचे सहा. आणि काही महिन्यांनी ती "बारा वाजता फोन करते" म्हणाली तर घाबरू नका, त्यांच्या मोजणीत त्या सहालाच बारा म्हणतात.