पटाचा छकडा आणि धुरकरी

मराठवाडा आणि विदर्भ या भागांत सुगी आटोपल्यावर भरणाऱ्या बैलजोड्यांच्या शर्यतींना शंकरपट, किंवा नुसतेच पट, म्हणतात. सरळ आखलेल्या धावपट्टीवर हलक्या छकड्याला जुंपलेली जोडी किती सेकंदांत शेवटची रेघ ओलांडते, यावर तिचा क्रम लागतो. पुणे जिल्ह्याच्या जुन्नर, आंबेगाव, खेड या भागांत हीच हौस घाटावर, म्हणजे मुद्दाम बांधलेल्या चढाच्या धावपट्टीवर, पुढे घोडी आणि मागे चार बैल अशा रूपात दिसते, तर सातारा-सांगलीकडे सपाट मैदानावर अनेक गाड्या एकदम सुटतात.

पटाचा छकडा म्हणजे शेतातल्या बैलगाडीची केवळ लहान आवृत्ती नव्हे. शेतगाडीला ओझे वाहायचे असते, म्हणून तिची साटी रुंद, चाके थोराड आणि चाकांवर धाव, म्हणजे लोहाराने तापवून चढवलेली आणि थंड होताना लाकडावर आवळत गेलेली लोखंडी पट्टी, असते. छकड्यात मात्र माणूस कसाबसा टेकेल एवढीच जागा ठेवून बाकीचे वजन सुताराने तासून काढलेले असते. त्याची खरी परीक्षा तोलात असते. भार पुढे सरकला तर गाडी धुरेजड होऊन बैलांच्या खांद्यावर बसते, मागे सरकला तर ती उलाळ होऊन जू वर उचलले जाते आणि जोत्यांचा, म्हणजे बैलांच्या गळ्याखालून घेतलेल्या पट्ट्यांचा, फास आवळतो. हा तोल भर धावेत सांभाळणारा माणूस म्हणजे धुरकरी. वेसणीला बांधलेला कासरा हातात धरून तो स्वतःचे अंग पुढे-मागे करीत राहतो, आणि जोडीतला एक बैल अंगाने ओढत असेल तर दुसऱ्याला कासऱ्याने किती मोकळे सोडायचे हे त्याला त्याच क्षणी ठरवावे लागते. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरच्या प्रसिद्ध शंकरपटात स्त्रियाही धुरकरी म्हणून छकड्यावर बसतात, हे येथे आवर्जून नोंदवले पाहिजे.

वाहन आणि ते हाकणारा यांचा असा एकत्रित गौरव मोटारींच्या जगातही होतो. दक्षिण इंग्लंडमधील गुडवुड येथील धावमार्ग 1948 मध्ये सुरू झाला, 1966 मध्ये तेथील शर्यती थांबल्या, आणि 1998 पासून तेथे त्याच काळातल्या शर्यतीच्या मोटारी पुन्हा पळवल्या जातात. जुने चालक त्या निमित्ताने एकत्र येतात आणि काचेआड ठेवण्याजोगी मौल्यवान वाहने खऱ्या वेगाने धावतात. मधली 32 वर्षे मोटारींनी गॅरेजमध्ये काढली तरी त्यांचे इंजिन दुरुस्त करता येते.

बैलाच्या बाबतीत ती सोय नाही. 2011 मध्ये केंद्र सरकारने प्रदर्शनासाठी ज्यांना वापरता येत नाही अशा प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला, 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने देशभरातील बैलांच्या शर्यती बंद झाल्या, आणि महाराष्ट्राने 2017 मध्ये कायद्यात दुरुस्ती केल्यानंतरही त्यांना प्रत्यक्ष वाट मिळाली ती 16 डिसेंबर 2021 च्या अंतरिम आदेशाने. बैलाचे वय दातांवरून मोजतात: दुधाचे दात असेपर्यंत तो आदत, दोन कायमचे दात आले की दुसा, चार आले की चौसा, आणि सगळे आले की जुळलेला. बंदीच्या वर्षी आदत असलेला गोऱ्हा ती उठेपर्यंत केव्हाच जुळून, औताची वर्षे काढून, उतरणीला लागलेला होता. त्यामुळे पट पुन्हा भरला तेव्हा छकडे जुने निघाले असतील, पण जोड्या नव्या होत्या, आणि छकड्यावर बसण्याच्या वयात आलेल्या पोरांनी लहानपणानंतर पट पाहिलेलाच नव्हता.

बंदीमागचे कारण मात्र खरे होते. पराणीच्या टोकाला आर, म्हणजे अणकुचीदार खिळा, लावून बैलाला टोचणे, शेपटी पिरगळणे हे प्रकार घडत होते आणि त्यांचे समर्थन कोणत्याही परंपरेच्या नावाने होऊ शकत नाही. आताच्या नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, पशुवैद्यकाची तपासणी होते, अंतर 1000 मीटरच्या आत ठेवावे लागते आणि चाबूक, काठी, टोचणी यांना मनाई आहे. 18 मे 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने महाराष्ट्राचा 2017 चा दुरुस्ती कायदा वैध ठरवला. टोचणी गेल्याने धुरकऱ्याचे कसब कमी झालेले नाही, उलट कासरा, आवाज आणि अंगाचा तोल यांवरच सारी भिस्त आल्याने ते अधिक स्पष्ट दिसू लागले आहे.

मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यासारख्या हळद-कापसाच्या पट्ट्यात, बैलाशी असलेले नाते पटापुरते नाही. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदमळणी होते: वर्षभर जुवाखाली घासून घट्टे पडलेले खांदे कोमट पाण्याने शेकून त्यांवर तूप आणि हळद चोळतात. पटाच्या जोडीचा खांदाही असाच, हाताने चाचपून, तपासला जातो, आणि तो सुजलेला लागला तर जाणता धुरकरी त्या दिवशी छकडा जुंपत नाही.