टोकियोच्या बाजारपेठेतले राक्षस

टोकियो म्हटले की आपल्या व्यापारी बांधवांना घड्याळे, यंत्रे आणि मोटारी आठवतात. परंतु या शहरात राक्षसांचाही जोरदार धंदा चालतो. मुले हसतात, मोठी माणसे पैसे मोजतात. हा धंदा कसा चालतो ते आपल्या दुकानदारांनी आणि कारागिरांनी समजून घेण्यासारखे आहे.

आसाकुसा भागाजवळ काप्पाबाशी नावाची सुमारे ८०० मीटर लांबीची भांड्यांची पेठ आहे. हॉटेलवाल्यांना लागणाऱ्या सुऱ्या, पातेली, कपबश्या, कपाटात मांडायचे नकली खाद्यपदार्थ, सारे काही येथे मिळते. या पेठेत जिकडे तिकडे काप्पा दिसतो. काप्पा म्हणजे जपानी लोककथेतला पाण्यातला राक्षस. पाठीवर कासवाची ढाल, तोंडाला चोच, डोक्यावर पाण्याची वाटी. कोकणातल्या गिऱ्ह्याचा जपानी भाऊच म्हणा ना!

त्याची कथा आम्हा कापडवाल्यांच्या जवळची आहे. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी ही सखल वस्ती पावसात बुडत असे. किहाची नावाच्या रेनकोटच्या व्यापाऱ्याने पदरच्या पैशाने पाण्याचा निचरा करण्याचे काम काढले. काम रखडले तेव्हा नदीतले काप्पा रात्री येऊन हात लावून गेले, असे सांगतात. जपानीत रेनकोटलाही काप्पाच म्हणतात, आणि तो शब्द पोर्तुगीजांच्या 'कापा'वरून आलेला आहे. २००३ साली पेठेला ९० वर्षे झाली तेव्हा तेथे काप्पाचा सोनेरी पुतळा उभारला गेला. लोककथेतला राक्षस कोणा एकाच्या मालकीचा नसतो. म्हणून छोटा दुकानदारही त्याला पाटीवर बसवतो, कोणाला एक येन द्यावा लागत नाही.

गॉडझिलाचे तसे नाही. तो १९५४ साली तोहो कंपनीच्या सिनेमातून आला. २०१५ पासून शिंजुकू भागात तोहोच्या इमारतीवरून त्याचे प्रचंड डोके रस्त्याकडे पाहत असते, आणि ठरावीक वेळी गर्जनाही करते. त्याचे चित्र छापायचे तर तोहोची परवानगी हवी.

नाकानो ब्रॉडवे ही १९६६ ची इमारत जुन्या खेळण्यांच्या शौकिनांची जागा. मऊ प्लास्टिकचे जुने राक्षस तेथे काचेआड ठेवलेले असतात. त्या काळी काही शे येनना विकलेला नग आज हजारो येनला जातो. असे राक्षस अजूनही छोट्या कारखान्यांत हाताने बनतात. मेणाच्या नमुन्यावरून तांब्याचा साचा करतात, त्यात पातळ प्लास्टिक ओतून गरम तेलात बुडवतात, आणि मऊ असतानाच चिमट्याने ओढून काढतात. ओढण्याचा तो झटका यंत्राला जमत नाही. असे कसबी हात आपल्याकडे काय थोडे आहेत?

पण आपण विकतो काय? २०२५ साली चिनी कंपनीच्या लाबुबू या दातवाल्या बाहुलीचे वेड जगभर पसरले आणि आपल्या बाजारांतही तिच्या नकला आल्या. दुसऱ्याच्या मालकीच्या चित्राची नक्कल विकणे कायद्याने गुन्हा आहे, आणि त्या रोजीत बरकत कोठून येणार? शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिराने स्वतः बनवून विकलेल्या खेळण्यांना मात्र त्यातून सूट आहे. आपल्या कारागिरांनी ही नोंदणी जरूर करून घ्यावी.

राहिला राक्षसांचा प्रश्न. आम्ही उर्दू शाळेत शिकलेले लोक अमीर हमजाच्या दास्तानीतले देव ओळखतो. (फारसीत देव म्हणजे राक्षस, मराठी वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये.) अकबर बादशहाच्या कारखान्यात या दास्तानीची सुमारे १४०० चित्रे सुती कापडावर काढली गेली. उरलेली पाने व्हिएन्ना, लंडन अशा शहरांतल्या संग्रहालयांत आहेत. त्या देवांवर कोणत्याही कंपनीचा हक्क नाही. तस्वीरीचा शरई मसला उलेमांना विचारावा. त्यांनी परवानगी दिली आणि एखाद्या ठसेकाराने तसा देव लाकडावर कोरला, तर पहिले दहा थान मी घेईन.