आधी फोटो काढा, मग काढून टाका

रस्त्यावरचे फोटो काढायला शिकणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुधा ‘कॅमेरा कुठला घेऊ’ हा असतो आणि दुसरा ‘जाऊ कुठे’ हा. प्रश्न गैर नाहीत, पण हात सुधारतो तो आपलेच कुठले फोटो टाकाऊ आहेत हे ओळखता येऊ लागल्यावर. रॉबर्ट फ्रँक यांनी १९५५ पासून अमेरिकाभर फिरून सुमारे २७,००० फोटो टिपले. ‘द अमेरिकन्स’ या त्यांच्या गाजलेल्या पुस्तकात आले फक्त ८३. म्हणजे सव्वातीनशेतून जेमतेम एक. नवशिका मात्र संध्याकाळी दीडशे फोटो काढतो आणि जेवणाच्या आत त्यातले वीस इन्स्टाग्रामवर चढवून मोकळा होतो.

यावर हमखास फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांचं नाव पुढे केलं जातं. निर्णायक क्षण एकदाच येतो, तो पकडणारी नजर उपजतच असावी लागते, असं त्यांच्या नावावर सांगितलं जातं. त्यांच्या फिल्मवरच्या सगळ्या चौकटी ओळीने छापलेले कागद पाहिले तर हा समज टिकत नाही. एकाच प्रसंगाभोवती ते रेंगाळतात, जागा बदलतात, पुन्हा टिपतात आणि मग एक चौकट निवडतात. पॅरिसच्या सेंट-लझार स्टेशनामागे पाण्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा त्यांचा १९३२ चा फोटो तर कुंपणाच्या फटीतून घेतलेला आहे, आणि आपण पाहतो तो त्याच्या कडा कापल्यानंतरचा. फोटो कापण्याला त्यांचा एरवी विरोध असे, हे विशेष!

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: मोबाइलवर फोटो फुकट निघतो, तर भरपूर काढत राहिल्याने हात आपोआप बसणार नाही का? अमेरिकन छायाचित्रकार गॅरी विनोग्रँड यांच्याइतके फोटो क्वचितच कुणी काढले असतील. टिपतानाचा आनंद आणि फोटोचा दर्जा यांत गल्लत होऊ नये म्हणून ते फिल्म मुद्दाम कितीतरी महिने न धुता ठेवत. पण पुढे निवड मागेच पडली. १९८४ मध्ये ते वारले तेव्हा सुमारे २,५०० रोल धुवायचे राहिले होते, आणि त्यांचे चाहते असलेले क्युरेटर जॉन झारकोव्स्की यांनाही त्या अखेरच्या कामात घसरण दिसली. नुसत्या संख्येने हात बसत नाही, याला यापेक्षा बोलका पुरावा कुठला हवा?

तेव्हा फोटो नाकारताना कारणही लिहून ठेवावं. डोक्यातून विजेचा खांब उगवलाय, पाय चौकटीबाहेर गेलेत, दोन माणसं एकमेकांवर चढलीत. एकच कारण चार-पाच वेळा आलं की पुढच्या खेपेला पाऊल आपसूक डावीकडे सरकतं. ‘चांगला निघालाय, पण त्या माणसाची लाज उघडी पडतेय’ हेही नाकारण्याचं पुरेसं कारण आहे. असे, विशेषतः फूटपाथवर झोपलेल्यांचे, फोटो नवशिक्यांच्या संग्रहात फारच असतात. या आठवड्यात काढलेले फोटो लगेच कुणाला पाठवू नका. महिनाभराने उघडा, पाच ठेवा आणि बाकीचे का टाकले ते लिहा.