अलकनंदेच्या खोऱ्यातील एक षष्ट्यब्दी

देवप्रयाग मागे पडले, की बद्रीनाथाच्या यात्रेकरूला अलकनंदेची सोबत लाभते, ती थेट धामापर्यंत. रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग ही नावे महाराष्ट्रातल्या आणि महाराष्ट्राबाहेरच्याही मराठी घरांत वडीलधाऱ्यांच्या तोंडून पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येत आली आहेत. केदारनाथाचे दर्शन घेऊन चोपट्याच्या वाटेने बद्रीनाथाकडे वळणारा यात्रेकरू गोपेश्वरच्या अलीकडे मंडल नावाच्या एका लहानशा गावातून जातो. बस तेथे क्वचितच थांबते. ज्या घटनेने भारतातील वनव्यवहाराचे वळण बदलले, तिचा प्रारंभ याच गावी झाला, ही गोष्ट बसमधल्या फारच थोड्यांना ठाऊक असते.

या घटनेमागे जी संस्था उभी होती, ती म्हणजे गोपेश्वरचे दशोली ग्राम स्वराज्य मंडळ. १९६४ साली स्थापन झालेल्या या मंडळाला २०२४ मध्ये साठ वर्षे पूर्ण झाली. त्याच वर्षीच्या २६ मार्चला रैणी गावच्या स्त्रियांनी आपले जंगल वाचविले, त्या प्रसंगालाही पन्नास वर्षे झाली. एकाच वर्षी एका संस्थेची षष्ट्यब्दी आणि तिच्या सर्वांत प्रसिद्ध प्रसंगाची अर्धशताब्दी यावी, हा योग दुर्मीळ होय. तथापि या दोन्ही स्मरणांवर एक सावट आहे, आणि त्याचा विचार केल्यावाचून त्यांचा अर्थ लागत नाही.

मंडळाचे संस्थापक चंडीप्रसाद भट्ट यांचा जन्म १९३४ चा. एका मोटार कंपनीत तिकिटे फाडण्याची नोकरी करणारा हा तरुण १९५६ साली जयप्रकाश नारायणांचे भाषण ऐकून सर्वोदयाच्या विचाराकडे ओढला गेला आणि १९६० मध्ये नोकरी सोडून मोकळा झाला. त्याने प्रथम हाती घेतले ते काम अगदी साधे होते. डोंगरातली तरुण माणसे रोजगारासाठी मैदानात जातात, त्यांना घराजवळ काम मिळावे, एवढाच हेतू. म्हणून मजुरांची सहकारी संस्था काढली, औषधी वनस्पती गोळा केल्या, चिडाच्या राळेपासून टर्पेंटाइन काढण्याचा छोटा कारखाना चालविला आणि शेतीची अवजारे बनविण्याची कर्मशाळा उघडली. वृक्षांना मिठी मारणे हा काही या मंडळींचा आरंभीचा कार्यक्रम नव्हता. किंबहुना त्यांना झाडे तोडावयाचीच होती. फक्त थोडी, आणि स्वतःच्या गरजेपुरती. हा मुद्दा पुढे पुष्कळांच्या विस्मरणात गेला आहे.

अडचण आली ती वनखात्याच्या नियमांची. गढवालची बहुतेक जंगले इंग्रजी अमदानीपासून सरकारच्या ताब्यात गेली होती. गावकऱ्यांना जळण, चारा आणि घरबांधणीचे लाकूड यांचे जे मर्यादित अधिकार उरले, त्यांना तिकडे ‘हक-हकूक’ म्हणतात. बाकीचे लाकूड लिलावाने ठेकेदाराला द्यावयाचे, ही पद्धत. ठेकेदार मैदानातला, त्याचे मजूर बहुधा बाहेरचे, आणि लिलाव डेहराडूनसारख्या दूरच्या शहरी. कागदोपत्री या व्यवस्थेत दोष काढणे कठीण होते. महसूल नियमित येत होता आणि झाडांवर घण मारून खुणा केल्यावाचून तोड होत नव्हती. मात्र ज्याच्या अंगणात जंगल, त्याला त्या कागदांत कोठेच जागा नव्हती.

हे सारे पुढे एका झाडाच्या निमित्ताने उघडे पडले. ‘अंगू’ हे ते झाड. त्याचे लाकूड वजनाला हलके आणि तरीही चिवट असते. म्हणून बैलाच्या मानेवरचे जू आणि नांगराचे भाग त्याचेच करावयाचे, हा गढवाली शेतकऱ्याचा परिपाठ. डोंगरउतारावर बैल लहान असतात. जड जू त्यांना पेलत नाही. मंडळाने आपल्या कर्मशाळेसाठी अंगूची काही झाडे मागितली, तेव्हा नकार मिळाला. चिडाचे लाकूड वापरावे, असा सल्लाही मिळाला. चिडाचे जू बैलाच्या मानेला कसे लागते, हे सल्ला देणाऱ्याने पाहिलेले नसावे. थोड्याच काळाने तीच अंगूची झाडे अलाहाबादच्या एका क्रीडासाहित्य बनविणाऱ्या कंपनीला मंजूर झाली. टेनिसच्या रॅकेटींना अंगू मिळतो आणि नांगराला मिळत नाही, एवढे कळण्यास कोणाला पर्यावरणशास्त्र शिकावे लागले नाही.

कंपनीची माणसे मंडलला आली, तेव्हा २४ एप्रिल १९७३ रोजी गावकरी ढोल वाजवीत जंगलाकडे निघाले. झाडाला कवेत घेण्याची कल्पना भट्टांनी आधी सभेत मांडली होती. गढवालीत मिठीला ‘अंग्वाल’ म्हणतात. ‘चिपको’ हा हिंदी शब्द नंतर रूढ झाला. त्या दिवशी मिठी मारण्याची वेळच आली नाही. जमाव पाहून माणसे परत गेली. मग खात्याने त्या कंपनीला केदारनाथच्या वाटेवर फाटा-रामपूरच्या जंगलात झाडे दिली. विरोध तेथेही पोहोचला.

येथवर हा झगडा लाकडावरच्या हक्काचा होता. त्याला दुसरे परिमाण मिळाले ते नदीमुळे. २० जुलै १९७० रोजी अलकनंदेला असा पूर आला, की पूल, रस्ते, बसगाड्या आणि बेलाकूचीची वस्ती तिने गिळली. १८९३ साली दरड कोसळून बनलेला बिरही नदीवरचा गोहना तलाव त्याच पुरात गाळाने भरून नाहीसा झाला. वाहून आलेली माती थेट हरिद्वारला गंगेच्या कालव्यात जाऊन बसली. मंडळाचे कार्यकर्ते मदतकार्यासाठी गावोगाव हिंडले. ज्या उतारांवर मोठी तोड झाली होती, त्यांच्याच पायथ्याशी नासधूस अधिक झाली, असे त्यांच्या ध्यानात आले. ही गोष्ट गावच्या बायकांना कोणी सांगावी लागली नाही. पाणी आणि जळण त्याच आणीत असत, आणि झरा कोठे आटला, कोठली वाट खचली, हे त्यांना पायांनीच ठाऊक होते.

रैणी हे गाव जोशीमठाच्या पुढे, नीती खिंडीच्या वाटेवर, ऋषिगंगा आणि धौलीगंगा यांच्या संगमाजवळ आहे. येथली वस्ती भोटिया लोकांची. तिबेटशी चालणारा त्यांचा व्यापार १९६२ च्या युद्धाने बंद पडला आणि जमिनीचे काही तुकडे सैन्याच्या कामासाठी गेले. १९७४ च्या जानेवारीत रैणीच्या जंगलातील २,४५१ झाडांचा लिलाव झाला. २६ मार्च रोजी गावातील पुरुषांना त्या जमिनींची रखडलेली नुकसानभरपाई घेण्यासाठी चमोलीला बोलावण्यात आले, आणि भट्टांना वनाधिकाऱ्यांबरोबरच्या बैठकीसाठी गोपेश्वरला थांबावे लागले. वर्षानुवर्षे न मिळालेला पैसा नेमका त्याच दिवशी मिळावा, हा योगायोग होता असे मानणारा मनुष्य सरकारी कामकाजाशी फारसा परिचित नसला पाहिजे.

पुरुष गेले आणि ठेकेदाराचे मजूर आले. एका मुलीने त्यांना पाहिले व धावत जाऊन महिला मंगल दलाच्या प्रमुख गौरादेवींना सांगितले. गौरादेवींचे वय तेव्हा पन्नाशीच्या आसपास होते. बाविसाव्या वर्षी वैधव्य आलेल्या या बाईने शेती आणि मूल दोन्ही एकटीने सांभाळले होते. शाळेचे तोंड पाहिले नव्हते. चुलीवरचे तसेच टाकून सत्तावीस बायका-मुली तिच्यामागे निघाल्या. आधी त्यांनी मजुरांना समजावले, मग शिव्या खाल्ल्या आणि पुढे बंदूकही पाहिली. पण त्या झाडांपासून हलल्या नाहीत. हे जंगल आमचे माहेर आहे, असे गौरादेवींनी सांगितल्याचे नमूद आहे. या शब्दाचा अर्थ मराठी श्रोत्याला उलगडून सांगण्याचे कारण नाही. अडीअडचणीला जेथून काही घेऊन यावे, आणि ज्याच्या नावाला उणेपणा येऊ देऊ नये, असे ते ठिकाण. बायकांनी रात्रभर पहारा दिला, आणि दुसऱ्या दिवशी पुरुष परतले तेव्हा त्यांना घडलेला प्रकार कळला.

शासनाने दिल्लीचे वनस्पतिशास्त्रज्ञ वीरेंद्रकुमार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या १९७६ च्या अहवालाने बायकांचे म्हणणे खरे ठरविले, आणि अलकनंदेच्या वरच्या पाणलोटातील सुमारे १,२०० चौरस किलोमीटर क्षेत्रात दहा वर्षे तोड बंद झाली. १९८१ पासून हिमालयाच्या त्या भागात एक हजार मीटरच्या वर हिरवी झाडे व्यापारासाठी तोडण्यास पंधरा वर्षांची मनाई आली. तिच्यामागे टिहरीच्या सुंदरलाल बहुगुणांच्या प्रयत्नांचा मोठा वाटा होता. बहुगुणा आणि भट्ट यांच्यात एक मतभेद राहिला. एकाला झाड तोडूच नये असे वाटे. दुसऱ्याला गावाच्या हाती जंगल द्यावे आणि गावाने ते जपून वापरावे असे वाटे. जगात पहिल्याचा बोलबाला अधिक झाला. खोऱ्यातील लोकांच्या दृष्टीने दुसऱ्याचा प्रश्न अधिक अवघड होता, आणि तो सुटला असे म्हणवत नाही.

मंडळाचे खरे काम यानंतरचे होय, आणि ते वर्तमानपत्रांत फारसे आले नाही. तोड थांबली, पण उघडे पडलेले उतार पुन्हा झाकावयाचे कोणी? यातून पर्यावरण-विकास शिबिरे सुरू झाली. या संस्थेचे स्मरणदिन, मेळावे, उत्सव जे काही म्हणावे, ते या शिबिरांतच सामावले आहेत. एखाद्या गावी विद्यार्थी, शिक्षक, शास्त्रज्ञ, वनखात्याचे कर्मचारी आणि गावकरी एकत्र जमतात. दिवसा खड्डे खणावयाचे, रोपे लावावयाची आणि गुरे आत शिरू नयेत म्हणून दगडांची भिंत रचावयाची, संध्याकाळी चर्चा. आरंभी या चर्चांत पुरुष बोलत आणि बायका ऐकत. पुढे बायकांची संख्या वाढली आणि रोपांची यादीही बदलली. पुरुषांना फळझाडे हवी असत, कारण फळाला पैसा मिळतो. बायकांना बांज हवा असे, कारण त्याच्या पानांवर गुरे जगतात, फांद्यांनी चूल पेटते आणि त्याच्या मुळांशी पाणी टिकते. लावलेले रोप कोणी सांभाळावयाचे, हे बायकांनी आधीच ठरविलेले असल्यामुळे ते जगतही असे. ज्या अभ्यासकांनी मोजदाद केली, त्यांना मंडळाच्या लागवडीत जगलेल्या रोपांचे प्रमाण सरकारी लागवडीपेक्षा बरेच अधिक आढळले.

घरातल्या घरात हा वाद किती खोल होता, ते १९८० च्या फेब्रुवारीत डुंग्री-पैंतोली येथे दिसले. बटाट्याच्या बियाण्याच्या शेतीसाठी बांजाचे जंगल देण्यास गावच्या पुरुषांनी संमती दिली होती. बदल्यात रस्ता आणि शाळा मिळावयाची होती. बायकांनी आपल्याच नवऱ्यांच्या निर्णयाविरुद्ध जंगल अडविले आणि वाचविले. ठेकेदार परका असतो, त्याला हाकलणे सोपे. येथे समोर घरचा मनुष्य होता. रैणीपेक्षा या प्रसंगाचे मोल अधिक मानावयास हरकत नाही.

भट्टांना १९८२ चे मॅगसेसे पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी नंदादेवीच्या परिसराचे राष्ट्रीय उद्यान झाले, आणि ज्यांनी जंगल राखले त्या रैणी-लाताच्या लोकांची गुरे, वाटाड्याचे काम आणि वनौषधींची वेच या साऱ्यांना तेथे मज्जाव झाला. १९९८ मध्ये लाताचे गावकरी आपल्या हक्कांसाठी त्या मनाई असलेल्या क्षेत्रात चालत गेले. गौरादेवी १९९१ सालीच वारल्या होत्या.

आता त्या सावटाकडे वळावयाचे. ऋषिगंगेवर रैणीपाशीच १३.२ मेगावॉटचा एक छोटा जलविद्युत प्रकल्प उभा राहिला. त्याच्या कामातील सुरुंगांविषयी गावकऱ्यांनी २०१९ मध्ये नैनितालच्या उच्च न्यायालयात दाद मागितली होती. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी सकाळी वर रौंठीच्या शिखराचा खडक आणि बर्फ यांचा प्रचंड कडा तुटून खाली आला. शास्त्रज्ञांनी त्याचे आकारमान सुमारे २ कोटी ७० लाख घनमीटर काढले. चिखलाच्या लोंढ्यात हा प्रकल्प नाहीसा झाला, खाली तपोवनच्या मोठ्या प्रकल्पाच्या बोगद्यात मजूर अडकले, आणि दोनशेंहून अधिक माणसे मेली अथवा बेपत्ता झाली. हा कडा सुरुंगांमुळे तुटला असे म्हणता येत नाही; तो फार उंचावरून, मनुष्यवस्तीपासून दूर तुटला. परंतु ज्या दरीत असे कडे तुटतात, तेथे एवढी माणसे आणि यंत्रे का नेऊन ठेवावीत, हा प्रश्न त्याने विचारला खराच. झाडे या लोंढ्याला अडवू शकत नव्हती, हेही प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

त्याच वर्षीच्या जूनमधील पावसाने रैणीखालचा उतार खचू लागला. घरांना आणि रस्त्याला भेगा पडल्या. गावात उभारलेला गौरादेवींचा पुतळा काढून जोशीमठाला हलवावा लागला, आणि गावाचे पुनर्वसन करावे, असे भूवैज्ञानिकांनी सांगितले. मग २०२३ च्या जानेवारीत खुद्द जोशीमठच्या शेकडो घरांना तडे गेले. हे शहर जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर वसले आहे. येथे सुरुंग लावू नयेत, उतारावरचे धोंडे काढू नयेत आणि झाडे लावावीत, असे गढवालचे आयुक्त मिश्र यांच्या समितीने १९७६ सालीच लिहून ठेवले होते. वीरेंद्रकुमार समितीचा अहवालही त्याच वर्षीचा. एकाच खोऱ्याविषयीच्या त्या दोन अहवालांपैकी एकाची अंमलबजावणी झाली, कारण त्याच्यामागे सत्तावीस बायका उभ्या होत्या. दुसरा कपाटात राहिला.

रैणीच्या अर्धशताब्दीपुढे म्हणून एक विलक्षण पेच आहे. जंगल उभे आहे आणि गाव खचत आहे. दुसरीकडे जावयाचे तर जमीन कोणत्या तरी अन्य गावाच्या हद्दीतच शोधावी लागणार, आणि त्या गावाचेही आपल्या जंगलावर, चाऱ्यावर, पाण्यावर हक-हकूक आहेत. नव्या जागी घर आणि पैसा देता येईल. बांजाचे रान कोणत्या आदेशाने द्यावयाचे, याचा नमुना कोणत्याही कार्यालयात नाही. आणि जी बाई वीस वर्षांपूर्वी लावलेल्या बांजाच्या फांद्या आज तोडून आणते, ती स्थलांतराच्या कागदावर अंगठा उमटविण्यापूर्वी हाच प्रश्न विचारील.