बोअरमधलं पाणी कोणीकडे वाहतं? काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

यवतमाळ जिल्ह्यात बोअर मारायचा म्हटलं की अजूनही अनेक ठिकाणी तळहातावर नारळ धरून शेत पाहणारा माणूस येतो आणि ‘खाली मोठा झरा वाहतोय’ असं सांगून जातो. जमिनीखाली नदीसारखा प्रवाह धावतो, ही समजूत इथूनच पक्की होते. प्रत्यक्षात जिल्ह्याचा बराचसा भाग बेसॉल्टचा आहे. पाणी मुरमात, मांजऱ्यात आणि काळ्या पाषाणाच्या भेगांत साठतं, तिथूनच पुढे झिरपतं. मोठी भेग सोडली तर हा वेग पुष्कळदा दिवसाला सेंटिमीटरांत मोजावा लागतो.

इतक्या संथ पाण्यात पात्याचं मीटर फिरतच नाही. तिथे उष्णता कामी येते. अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेत 1990च्या दशकात असा एक संवेदक विकसित झाला. विजेने तापणारी नळकांडी जमिनीत उभी पुरायची. तिच्या अंगावर चहूबाजूंनी थर्मिस्टर, म्हणजे तापमान टिपणारे छोटे घटक, बसवलेले असतात. पाणी थांबलेलं असेल तर नळकांडीच्या सगळ्या बाजू सारख्याच तापतात. वाहत असेल तर पाणी येतं ती बाजू गार पडते आणि जातं ती कोमट राहते. ‘गरम बाजूकडून पाणी येतं’ असं अनेकांना वाटतं. खरं नेमकं उलटं आहे. दोन बाजूंच्या तापमानातल्या फरकावरून वेग काढतात. त्यामुळे मुळात पाणी गार आहे की कोमट, याला फारसं महत्त्व नाही.

‘गरम पाणी आपसूक वर चढतं, मग आकडा खोटाच येणार’ हा आक्षेप मात्र निम्मा खरा आहे. म्हणूनच नळकांडी बेताने तापवतात आणि वर चढण्याचा परिणाम गणितात धरतात.

ही नळकांडी वर्धा किंवा पैनगंगेच्या काठच्या वाळू-गाळासारख्या मोकळ्या थरांसाठी योग्य. कातळातल्या बोअरसाठी वेगळं यंत्र लागतं. त्यात मधली जाळी क्षणभर तापवतात. वरच्या आणि खालच्या थर्मिस्टरपैकी उष्णता आधी कुठे पोचली आणि किती सेकंदांत, हे पाहतात. वरचा आधी तापला तर पाणी वर चढतंय. खोली बदलत मोजत गेलं की नेमकी कोणती भेग पाणी देते ते कळतं. बोअर आणखी खोल न्यायचा की नाही, हे ठरवायला मला हीच माहिती सर्वांत मोलाची वाटते.

वेग कळला म्हणजे साठा कळला, असं मात्र नाही. दिशाही त्या एका जागेपुरतीच कळते. सगळ्या शिवारातल्या प्रवाहाची दिशा हवी तर निदान तीन विहिरींतली पाणीपातळी एकाच संदर्भपातळीपासून मोजावी लागते.

जिल्ह्यातल्या काही गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे, तेही या यंत्राला दिसत नाही. पाणी खडकात जितकं रेंगाळेल तितकं फ्लोराइड विरघळायला वाव मिळतो, म्हणून अभ्यासकाला वेगाचा आकडा उपयोगी पडतो. पण लिटरमागे 1.5 मिलिग्रॅमची कमाल मर्यादा ओलांडली आहे का, हे पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत दिल्यावरच समजतं.