मोटारीच्या पोटाखालची हवा
वेगवान मोटार रस्त्याला घट्ट धरून ठेवायची, तर मागे मोठा पंख लावावा असे सहज सुचते. पण पंख वेगही खातो. त्या मानाने गाडीच्या पोटाखालची हवा फार कमी मोबदल्यात हे काम करते. १९८२ साली पोर्शेने ‘९५६’च्या तळाला मागे वर उघडत जाणारे दोन बोगदे दिले, त्यांना जागा व्हावी म्हणून इंजिनच थोडे तिरके बसवले! तळ आणि रस्ता यांमधल्या चिंचोळ्या फटीतून हवा वेगाने धावते, तिचा दाब घटतो आणि वरच्या हवेचा दाब गाडीला खाली रेटतो. त्या वर्षी ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत पहिले तिन्ही क्रमांक याच गाड्यांनी पटकावले.

मात्र सारी भिस्त त्या फटीवर. नाक जरा जास्त उचलले, की खाली हवा घुसते आणि तोच तळ गाडीला उचलू लागतो. १९९९ मध्ये ल माँलाच मर्सिडीजची ‘सीएलआर’ शर्यतीआधी दोनदा उलटली; दोन्ही वेळा चालक मार्क वेबर. तरीही नाकाशी छोट्या पट्ट्या जोडून उरलेल्या दोन गाड्या शर्यतीत उतरवल्या, याचे आजही नवल वाटते. उंचवट्यावर पीटर डम्ब्रेकची गाडी उडाली आणि गिरक्या घेत झाडांत पडली. तो वाचला. राहिलेली एक गाडी मर्सिडीजने लगेच मागे बोलावली.