मुलाची पहिली दुर्बीण : निवड कशी करावी?

२०२५ च्या जानेवारी महिन्यात शासकीय कामानिमित्त भिवंडी तालुक्यातील एका शाळेत जाण्याचा प्रसंग आला. मुख्याध्यापकांच्या दालनात कपाटाच्या माथ्यावर एक लांबट रंगीत खोके ठेवलेले होते. खोक्यावर शनीचे कड्यांसह मोठे चित्र होते आणि त्याखाली ठळक अक्षरांत '५२५ पट' असे छापले होते. गावकऱ्यांनी वर्गणी काढून मुलांसाठी ही दुर्बीण घेतली होती. ती एकदाच उघडण्यात आली आणि पुन्हा खोक्यात गेली. विज्ञान शिकविणाऱ्या बाईंना कारण विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "साहेब, चंद्र सापडायलाच अर्धा तास लागला. सापडला तो थरथरत होता आणि धुक्यातून पाहावे तसा पुसट दिसत होता. पन्नास मुले रांगेत उभी होती, ती एकेक करून घरी निघून गेली."

वर्गणीचे पैसे वाया गेले याचे दुःख आहेच. परंतु ज्या मुलाने आयुष्यात प्रथमच दुर्बिणीला डोळा लावला, त्याची खात्री झाली की यात पाहण्यासारखे काही नसते, ही हानी अधिक मोठी आहे. असा मुलगा बहुधा दुसऱ्यांदा डोळा लावीत नाही. प्रस्तुत लेखक कलाशाखेचा पदवीधर असून भिंगांचे गणित त्याला त्या बाईंनी आणि नंतर काही हौशी आकाशनिरीक्षकांनी समजावून दिले. ते समजण्यास कठीण नाही. खरेदीपूर्वी ते कोणी सांगत नाही, एवढेच.

पटींचा फसवा आकडा

दुर्बिणीच्या पुढच्या भिंगाचे नाभीय अंतर भागिले डोळ्यापाशी असणाऱ्या लहान भिंगाचे, म्हणजे नेत्रिकेचे, नाभीय अंतर, हे त्या दुर्बिणीचे विवर्धन होय. शाळेतील दुर्बिणीचे पुढचे भिंग ६० मिलिमीटर व्यासाचे आणि ७०० मिलिमीटर नाभीय अंतराचे होते. सोबत २० व ४ मिलिमीटरच्या दोन नेत्रिका आणि प्रतिमा तिपटीने वाढविणारे 'बार्लो' नावाचे एक भिंग दिलेले होते. ७०० भागिले ४ म्हणजे १७५. त्याची तिप्पट ५२५. खोक्यावरचा आकडा अशा रीतीने जुळविलेला असतो आणि अंकगणित म्हणून तो खोटाही नसतो.

परंतु प्रतिमा कितीही ताणली तरी तिच्यातील प्रकाश व बारकावे वाढत नाहीत. फुग्यावर लिहिलेले अक्षर फुगा फुगविताना मोठे होते आणि फिकटही होत जाते, तसाच हा प्रकार आहे. दुर्बिणीच्या भिंगाचा व्यास जितके मिलिमीटर असेल त्याच्या साधारण दुप्पट पटींपर्यंतच विवर्धन उपयोगी पडते, असा ढोबळ नियम आहे. त्यानुसार ६० मिलिमीटरच्या दुर्बिणीची मर्यादा १२० पटींच्या आसपास येते. तीही भिंग उत्तम असेल आणि हवा शांत असेल तर. १६१० च्या जानेवारीत गॅलिलिओने गुरूचे चार चंद्र प्रथम पाहिले, त्या वेळी त्याच्या दुर्बिणीचे विवर्धन सुमारे २० पट होते. चंद्रावरील विवरांसाठी ३० ते ४० पटी पुष्कळ होतात. शनीचे कडेही ३० पटींच्या पुढे ओळखता येते.

तेव्हा दुकानदारास पहिला प्रश्न 'किती पट?' हा विचारू नये. पुढच्या भिंगाचा किंवा आरशाचा व्यास किती, हे विचारावे. अंधारात माणसाच्या डोळ्याची बाहुली फार तर ७ मिलिमीटर उघडते. ७० मिलिमीटर व्यासाचे भिंग तिच्या शंभर पट प्रकाश गोळा करते. दुर्बीण घ्यावयाची ती या प्रकाशासाठी. दुसरा प्रश्न बैठकीचा. तिपाईवर बसविलेली दुर्बीण बोटाने हलकेच टिचकी मारून पाहावी. दोन-तीन क्षणांत कंप थांबला तर ठीक; थांबला नाही तर उत्तमोत्तम भिंगही निरुपयोगी ठरते. स्वस्त दुर्बिणींत काटकसर केली जाते ती नेमकी या पायांमध्ये, कारण खोक्यावर पायांचे चित्र कोणी पाहत नाही.

किती पैशांत काय मिळते?

किमती सतत बदलतात, म्हणून पुढील आकडे अंदाजाचेच समजावेत. पाच हजार रुपयांच्या आसपास चांगली दुर्बीण मिळणे कठीण. मात्र चांगली द्विनेत्री दुर्बीण मिळू शकते. तिच्यावर '१० × ५०' असे लिहिलेले असते. त्यातील पहिला अंक पटींचा आणि दुसरा भिंगाच्या व्यासाचा. द्विनेत्रीतून चंद्रावरील मोठी विवरे दिसतात. कोपरे कठड्यावर टेकविल्यास गुरूचे चंद्रही ठिपक्यांसारखे दिसतात. आणि कृत्तिकांचा पुंजका तर दुर्बिणीपेक्षा द्विनेत्रीतूनच अधिक सुंदर दिसतो. शनीचे कडे मात्र तिच्यातून दिसत नाही, हे मुलाला आधीच सांगून ठेवावे. दहा वर्षांखालील मुलाच्या हाताला ५० मिलिमीटरची जोडी जड होते. त्याच्यासाठी ८ × ४० पुरे. आकाशाचा कंटाळा आला तर तिच्यातून पक्षी पाहता येतात, म्हणून हे पैसे सहसा वाया जात नाहीत. संकोच न करता सांगावयाचे तर बहुतेक घरांसाठी पहिली दुर्बीण ही द्विनेत्रीच असावी, असे आमचे मत आहे.

दहा हजारांच्या आसपास ७० मिलिमीटरची भिंगाची साधी दुर्बीण येते. ती हलकी असून तिची निगा कमी आणि ती मुलाला एकट्याने हाताळता येते. वीस हजारांच्या घरात ११४ किंवा १३० मिलिमीटरची आरशाची दुर्बीण विचारात घेता येते. शाळेने अथवा ग्रामपंचायतीने एकत्रित खर्च करावयाचा असेल तर आम्ही हीच सुचवू, मात्र ती डॉब्सन पद्धतीच्या लाकडी बैठकीवरची असावी.

या बैठकीचा इतिहास आपल्या वाचकांना रुचेल. जॉन डॉब्सन हे १९४४ साली सॅन फ्रान्सिस्को येथील वेदान्त सोसायटीच्या मठात दाखल झाले आणि पुढे दोन तपे तेथील संन्यासी जीवन जगले. मठात पैसा नव्हता. जहाजाच्या खिडक्यांच्या टाकाऊ जाड काचा घासून त्यांनी आरसे केले, पुठ्ठ्याच्या नळ्या वापरल्या आणि प्लायवूडची अशी एक पेटी तयार केली की नळी तोफेप्रमाणे वरखाली आणि डावीउजवीकडे फिरावी. १९६७ मध्ये मठ सोडावा लागल्यावर ते रस्त्याच्या कडेला दुर्बीण मांडून जाणाऱ्या-येणाऱ्यांना चंद्र व शनी दाखवीत असत. ही पेटी कोणत्याही सुताराला करता येते. ती थरथरत नाही आणि मुलाला पाच मिनिटांत समजते. लहान दुर्बीण असेल तर ती शाळेच्या बाकावर ठेवूनही चालते.

आरशाची दुर्बीण घेताना एक खूण लक्षात ठेवावी. नाभीय अंतर १००० मिलिमीटर लिहिलेले आहे आणि नळी मात्र जेमतेम अर्धा मीटर लांब आहे, अशा काही दुर्बिणी बाजारात येतात. त्यांच्या पोटात एक जादा भिंग बसवून लांबी वाचविलेली असते. त्यांचे आरसे जुळविणे नवख्याला फार जड जाते. त्या टाळाव्यात.

भिवंडीच्या परिस्थितीत

पुस्तकांतील सल्ले बहुधा थंड व कोरड्या देशांतील असतात. भिवंडीत काही गोष्टी निराळ्या आहेत. तळमजल्यावर यंत्रमाग चालू असलेल्या इमारतीच्या गच्चीवर दुर्बीण मांडली तर मागांचा हादरा तिपाईतून भिंगापर्यंत पोचतो आणि गुरू ग्रह धोट्यासारखा इकडून तिकडे पळताना दिसतो. त्यासाठी जमिनीवरची मोकळी जागा शोधावी. कापसाचे तूस हवेत असतेच. म्हणून वापर संपताच झाकण लावावे आणि भिंग किंवा आरसा रुमालाने कधीही पुसू नये. जून ते सप्टेंबर आकाश ढगाळ आणि हवा दमट असते. भिंगावर बुरशी धरते ती याच दिवसांत, तेव्हा घट्ट डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून दुर्बीण ठेवावी. शाळा उघडताना जूनमध्ये खरेदी करण्याचा मोह टाळावा; दिवाळीच्या सुमारास घेतलेल्या दुर्बिणीला पुढे सहा-सात महिने निरभ्र आकाश मिळते.

विक्रेते पुष्कळदा 'विषुववृत्तीय' बैठक आग्रहाने दाखवितात. तिचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो. भिवंडीतून ध्रुवतारा क्षितिजापासून केवळ १९ अंशांवर असतो. बहुतेक अंगणांतून तो समोरच्या इमारतीआड जातो. मुलासाठी या बैठकीवर पैसे घालू नयेत.

शहराच्या उजेडाचे काय, असे विचारले जाते. चंद्र, शुक्र, गुरू व शनी यांना उजेडाने फारशी बाधा येत नाही. देवयानी दीर्घिका पाहावयाची असेल तर मात्र वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या बाजूला किंवा शहापूर, वाडा तालुक्यांत अंधाऱ्या रात्री जावे. चंद्रासाठी शुद्ध तृतीयेपासून दशमीपर्यंतच्या संध्याकाळी उत्तम, कारण उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात. पौर्णिमेला सावल्याच नसतात. चंद्र थाळीसारखा सपाट दिसतो. संकष्टीला चंद्रोदयाची वाट पाहणारी आणि ईदच्या कोरीसाठी गच्चीवर जमणारी मुले या शहरात शेजारी शेजारी राहतात. आकाशाकडे पाहण्याची सवय त्यांना नव्याने लावावी लागत नाही.

सूर्याविषयी

काही स्वस्त दुर्बिणींसोबत नेत्रिकेवर बसविण्याची लहान काळी काच देतात आणि तिच्यावर 'सूर्य' असे लिहिलेले असते. भिंगाने एकवटलेल्या उष्णतेने ही काच तडकू शकते आणि तडकल्याच्या क्षणी डोळा कायमचा जाऊ शकतो. घरी येताच ती फोडून फेकून द्यावी. सूर्य पाहावयाचा तर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर बसणारी, त्यासाठीच तयार केलेली खात्रीची गाळणी लागते आणि मोठे माणूस सतत जवळ असावे लागते. २ ऑगस्ट २०२७ रोजीचे सूर्यग्रहण आपल्या भागातून खंडग्रास दिसणार आहे. दिवस पावसाळ्याचे असले तरी त्या दुपारी अनेक कपाटांवरची खोकी खाली उतरतील, म्हणून शिक्षकांनी ही सूचना आताच वर्गात द्यावी.

विकत घेण्यापूर्वी एकदा तरी चांगल्या दुर्बिणीतून पाहावे. वरळीचे नेहरू तारांगण १९७७ पासून आहे. कल्याणचे आकाशमित्र मंडळ आणि हॅलेच्या धूमकेतूच्या काळात मुंबईत सुरू झालेले खगोल मंडळ भिवंडीकरांना जवळचे आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ सालची. आयुका या संस्थेत दुर्बिणी तयार करण्याच्या कार्यशाळाही झाल्या आहेत. अशा ठिकाणी पालकांना एक तासात जे समजते ते दुकानात समजत नाही.

त्या शाळेतील दुर्बिणीविषयी राहिले. दोन दिवसांनी, पौष शुद्ध षष्ठीच्या सुमारास, आम्ही ती पुन्हा मांडून पाहिली. बार्लो भिंग आणि ४ मिलिमीटरची नेत्रिका बाजूला ठेवली. २० मिलिमीटरची लावली, म्हणजे ३५ पटी. तिपाईचे पाय पुरते आत सारून तिच्या मध्यभागी विटांची पिशवी टांगली आणि मुलांना खुर्चीवर बसवून पाहावयास सांगितले. शोधक नळी दिवसाच एका दूरच्या मनोऱ्यावर रोखून जुळवून घेतली होती, त्यामुळे चंद्र लगेच सापडला. रोहिणीजवळच्या गुरूचे चंद्र एका ओळीत दिसले आणि मुलांनी ते वहीत काढून घेतले. सातवीतील एका मुलीने शनी मागितला. पश्चिमेला तो होता, पण कडे जवळजवळ कडेने दिसत असल्याने रेघ दिसावी की न दिसावी अशी स्थिती होती. मार्च २०२५ मध्ये तर पृथ्वी कड्यांच्या पातळीतूनच गेली. बाईंनी तिला सांगितले की कडे आता वर्षावर्षाने उघडत जाईल आणि २०३२ च्या सुमारास सर्वांत रुंद दिसेल. मुलीने बोटांवर हिशेब केला आणि विचारले, "बाई, तेव्हा मी शाळेत नसेन. दुर्बीण घरी नेता येते का?"

हा प्रश्न अधिकारीवर्गाने मनावर घेण्यासारखा आहे. दुर्बीण जडवस्तू संग्रह नोंदवहीत चढली की तिच्या तुटफुटीचा जाब मुख्याध्यापकांना द्यावा लागेल या भीतीने ती कुलूपबंद होते. ग्रंथालयातील पुस्तकाप्रमाणे पालकांच्या सहीवर आठवडाभर दुर्बीण घरी देण्याची मुभा शाळा व्यवस्थापन समितीने ठरावाने दिली आणि तपासणीच्या वेळी वापरातील झीज ही झीज म्हणूनच स्वीकारली गेली, तर वर्गणीतून घेतलेली एक दुर्बीण वर्षाकाठी तीस घरांत जाऊन येऊ शकेल. त्या शाळेच्या समितीपुढे असा ठराव ठेवण्याचे मुख्याध्यापकांनी मान्य केले आहे.